पांढऱ्या पट्ट्याचे चार टायर

मानेसरला मोटारींच्या दरवाज्यांना लागणारी रबरी पट्टी बनवणाऱ्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं क्वालिटी खात्यात आहे. पट्टीवर नख दाबायचं, ती वाकवून भेग दिसते का बघायचं, वास घ्यायचा, आणि मग मशीनवर तपासायचं. मशीनचं उत्तर बहुतेक वेळा माझ्या नखासारखंच येतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जो मूर्खपणा केला तो रबरातलं काही कळत नाही म्हणून केला, असं कुणाला वाटायला नको.

गोष्ट माझ्या सासऱ्यांच्या गाडीची आहे. बाबा आता एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. मूळचे वर्ध्याकडचे. केंद्र सरकारात कारकून म्हणून दिल्लीला आले आणि सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाले. सगळी नोकरी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहून केली. आता आमच्याबरोबर गुडगावात असतात. त्यांची एक जुनी गाडी आहे. क्रीम रंगाची, गोल पाठीची, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली. दिल्लीच्या आसपास पंधरा वर्षांवरची पेट्रोलची गाडी रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून ती कित्येक वर्षं सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. माझा नवरा म्हणायचा, भंगारात देऊन टाकू. बाबा ऐकून घ्यायचे आणि रविवारी सकाळी खाली जाऊन दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून यायचे.

मग कुणीतरी सांगितलं की पन्नाशी ओलांडलेली गाडी मूळ रूपात असेल तर तिची विंटेज म्हणून नोंद होते. रोज फिरवता येत नाही, पण प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते. मी कागद गोळा केले, चार खेपा घातल्या, आणि एकदाचं ते प्रमाणपत्र आलं. बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि एकदम हसले.

"मूळ रूपात म्हणे."

"का हो बाबा?"

"मूळ रूपात हिला पांढऱ्या पट्ट्याचे टायर होते."

तसे टायर जुन्या फोटोंमध्ये सगळ्यांनी पाहिलेले असतात. काळ्या टायरच्या बाजूला, चाकाच्या कडेने फिरणारा बोटभर-दोन बोटं रुंद पांढरा पट्टा. गाडीने पांढरे मोजे घातल्यासारखं दिसतं. मी विचारलं, मग ते गेले कुठे. बाबांनी चहाचा कप बाजूला सारला आणि सांगितलं. लग्नाला वीस वर्षं झाली होती, तोवर मी ही गोष्ट ऐकलेली नव्हती. माझ्या नवऱ्यानेही नाही.

गाडी त्यांनी आपल्या साहेबांकडून घेतली होती. साहेबांची बदली झाली होती. साहेब मराठीच, पुण्याचे. एका रविवारी बाबा बंगल्यावर जाऊन गाडी बघून आले, तेव्हा तिला चारही टायर पांढऱ्या पट्ट्याचे होते. व्यवहार ठरला. पुढच्या रविवारी गाडी आणायला गेले, तर खाली चार गुळगुळीत काळे टायर. एकाचा तर आतला दोरा दिसत होता. बाबांनी अगदी हळू आवाजात विचारलं. साहेब व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत बसले होते. पेपर न खाली ठेवता म्हणाले, "पांढरे टायर फार स्वच्छ ठेवावे लागतात हो. तुमच्याकडे नाही जमणार ते."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? साहेब होते. थँक यू म्हणालो. दोन पायऱ्या उतरलो आणि पुन्हा एकदा म्हणालो. पहिल्यांदा त्यांना ऐकू गेलं नसावं असं वाटलं."

'तुमच्याकडे' हा शब्द कुठल्या आवाजात उच्चारला गेला असेल हे मला सांगावं लागत नाही. मी त्याच आवाजात वाढले आहे. मी पुण्याची, या बौद्ध घरात लग्न करून आले तेव्हा माझ्या माहेरी दोन वर्षं माझ्याशी बोलणं बंद होतं, आणि पुन्हा सुरू झाल्यावर माझ्या आईचा पहिला प्रश्न होता, "तुमच्याकडे पाणी उकळून पितात ना?" बाबा उठून कप विसळायला गेले. त्यांच्या लेखी विषय संपला होता. मी मात्र त्याच दुपारी फोन घेऊन बसले. गाडीला पांढऱ्या पट्ट्याचे टायर बसवायचे, हे मी परस्पर ठरवून टाकलं.

परदेशात असे टायर अजून बनतात. पण चार टायरांची किंमत, त्यावर जहाजाचं भाडं, त्यावर कस्टम, असं सगळं धरलं तर माझा अडीच महिन्यांचा पगार गेला असता. नवऱ्याने आकडा बघितला आणि म्हणाला, "यार, एवढ्यात नवी स्कूटर येते." त्याचं चुकत नव्हतं. म्हणून मी स्वस्तातले शोधायला निघाले आणि पुढचे तीन महिने असल्या-असल्या माणसांत फिरले की घरी आल्यावर कोपरापर्यंत हात धुवावेसे वाटायचे.

पहिल्यांदा कश्मीरी गेटला गेले. गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं तिथे रांगेने आहेत. एका दुकानदाराने माझं बोलणं पूर्ण व्हायच्या आत सांगितलं, "मॅडम, कोई भी टायर ले लो, व्हाइट पेंट मार देंगे।" दुसऱ्याने पांढऱ्या रबराच्या कड्या काढून दाखवल्या. टायर आणि रिमच्या मध्ये खोचून बसवायच्या. मी एक वाकवली. नखाने टोचल्यावर पिठासारखी पांढरी भुकटी बोटाला लागली. वेगात गेलं की अशी कडी सुटते, टायरवर थडथड आपटत राहते आणि त्याची कड कापत जाते. मी हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तो तेज मत चलाओ ना।"

तिथेच कुणीतरी लग्नाच्या गाड्यांचा पत्ता दिला. दिल्लीत नवरदेवाला मिरवायला जुन्या पद्धतीच्या उघड्या गाड्या भाड्याने मिळतात. बहुतेक नकली असतात, जीपच्या सांगाड्यावर पत्र्याचं नक्षीकाम केलेल्या, पण चाकं पांढऱ्या पट्ट्याचीच लागतात. नजफगढ रोडपलीकडे एका मोकळ्या जागेत अशा दहा-बारा गाड्या उभ्या होत्या. शेजारीच वरातीच्या घोड्या बांधलेल्या. लीद, सडलेल्या गुलाबपाकळ्या, आणि एका गाडीच्या मागच्या सीटवर कुणीतरी ओकलेलं तसंच वाळून गेलेलं. वर माश्या. मालक गुटखा चघळत माझ्याबरोबर फिरत होता. एका गाडीपाशी थांबून त्याने पिंक टाकली ती नेमकी टायरच्या पांढऱ्या पट्ट्यावर. लाल ओघळ खाली आला. त्याने मागे वळून रंगाऱ्याला हाक मारली, "ओए, इस पर एक हाथ मार दे।" रंगारी डबा घेऊन आला आणि न पुसता, त्या ओल्या पिंकेवरूनच त्याने ब्रश फिरवला. रंग गुलाबी झाला. मग दुसरा हात मारला.

मी खाली वाकून बघितलं. रंगाचे इतके थर होते की पट्टा टायरपासून कवचासारखा सुटला होता, आणि मागे रबराला इतक्या भेगा की त्यांत करंगळीचं नख आडवं जात होतं.

"ये तो फटेगा," मी म्हणाले.

"फटता है," तो म्हणाला. "पिछले सीज़न में एक फटा था। बैंडवाला था साथ में, उसके पैर पे लगा।"

"फिर?"

"फिर क्या, दूसरा लगाया।"

दुसरा टायर की दुसरा बँडवाला, हे मी विचारलं नाही. तिथून निघाले आणि माझ्या गाडीत बसून आधी बाटलीभर पाण्याने तोंड धुतलं.

यापेक्षा स्वच्छ जागा म्हणून मी छत्तरपूरकडच्या एका फार्महाऊसवर गेले, आणि खरं सांगते, तिथली घाण मला जास्त झोंबली. जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ. साठीचे, पांढराशुभ्र लिनन शर्ट, पायात मऊ चामड्याचे बूट. त्यांच्या शेडमध्ये वीसेक गाड्या होत्या आणि एका एसी खोलीत टायरच टायर, प्रत्येकाला मलमलीचं आवरण. त्यातले चार आमच्या गाडीच्या मापाचे होते. पांढऱ्या पट्ट्याचे, नवे, बाहेरून आणवलेले. जास्तीचे पडून होते. "दे देंगे, दे देंगे, पैसे की क्या बात है," असं ते म्हणत होते. कॉफी आली. गाडी मूळची कुणाची, असं त्यांनी विचारलं. मी त्या साहेबांचं नाव सांगितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्या घराण्याला त्यांचे वडील ओळखत होते म्हणे.

"और फिर आपके फादर-इन-लॉ? वो भी सर्विस में थे?"

मी हो म्हणाले आणि आमचं आडनाव सांगितलं. ते कॉफीत चमचा फिरवत म्हणाले, "अच्छा. अच्छा-अच्छा. कोटे वाले." आवाजात राग नव्हता, काही नव्हतं. फाइलवर शेरा मारावा तसं.

मग त्यांनी उलटा प्रस्ताव मांडला. टायर विकण्यापेक्षा गाडीच मला द्या. ती चांगल्या हातांत राहायला हवी. मी तिच्यापुढे त्या साहेबांच्या नावाची पाटी लावीन, लोक बघायला येतील. मधली चाळीस-पंचेचाळीस वर्षं ती ज्या माणसाने धुतली, पुसली, चालवली, त्याचं नाव त्या पाटीवर कुठे असेल, हे विचारायचीही सोय नव्हती. कॉफी तशीच टाकून मी उठले. फाटकापाशी त्यांचा माणूस धावत आला आणि त्यांचं कार्ड माझ्या हातात कोंबून गेला. जाड, सोनेरी कडांचं कार्ड. ते मी मेहरौलीच्या सिग्नलला फाडून टाकलं.

घरी यातलं काही सांगितलं नाही. बाबांनी विचारलं, "मिळाले का गं?" मी म्हटलं, "महाग सांगतात." ते म्हणाले, "राहू दे मग." तेव्हा राहू द्यायला हवं होतं. पण आता मला हट्ट चढला होता. त्या साहेबांना, फार्महाऊसवाल्याला, माझ्या आईला, सगळ्यांना एकदम काहीतरी दाखवून द्यायचं होतं. कुणाच्या खर्चाने आणि कुणासाठी, हे मी स्वतःला विचारलं नाही.

जुन्या वस्तू विकण्याच्या एका ॲपवर जाहिरात दिसली. चार टायर, पांढरा पट्टा, 'न वापरलेला जुना माल', फरिदाबाद. किंमत मला झेपेल अशी. शनिवारी गेले. एका गोदामाच्या पुढच्या खोलीत चारही टायर भिंतीला टेकवून ठेवले होते. काळेभोर, ओल्यासारखे चमकणारे, आणि त्यावर तो दुधासारखा पट्टा. विकणारा चाळिशीतला, गोड बोलणारा. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. "मॅडम, आपको तो माल की पहचान है," म्हणाला. मी पहिल्या टायरवर नख दाबलं. नख रुतलं, आणि तेवढ्यावर रबर ताजं आहे असं मी धरून चालले. बाकीच्या तिघांवर दाबलं नाही. आत हात घालून बघितला नाही. टायरच्या बाजूला तो कधी बनला त्याचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत उठवलेलं असतं. ते शोधलं नाही. कारखान्यात नव्या मुलांना मी हेच शिकवते की ज्या मालावर जीव जडलाय तो दुसऱ्याला तपासायला द्या. मी पैसे दिले आणि टायर टेम्पोत चढवले.

बाबा खाली पार्किंगमध्येच होते. टेम्पोतून टायर उतरले तसे ते जवळ आले, पण हात लावला नाही. बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "धूळ बसली आहे," आणि बादलीत पाणी आणि फडकं घेऊन आले. पँटचे पाय दुमडून ते स्टुलावर बसले आणि एक टायर पुसू लागले.

फडकं काळं झालं. पाणी काळं झालं. त्यांनी पाणी बदललं, पुन्हा पुसलं, पुन्हा काळं. चमक होती ती पॉलिशची, नखाला लागलेला मऊपणाही त्याचाच, आणि पॉलिश उतरल्यावर खालून राखाडी, सुरकुतलेलं, मेलेलं रबर वर आलं. जनावराच्या वाळक्या कातड्यासारखं. जिथे आकडे हवेत तिथे घासून सपाट केलेली जागा होती. मी खाली बसले आणि पांढऱ्या पट्ट्याच्या कडेला नख घातलं. तो निघाला. जखमेवरची चिकटपट्टी निघावी तसा लांबच लांब निघत गेला, मागे पिवळा गोंद ताणला जात राहिला, आणि त्या गोंदातून आंबूस वास आला. गोंदाखाली बाजू फाटलेली होती. भेगेत काळं लुकण भरलं होतं. टायरवरची नक्षीसुद्धा टायरची नव्हती. झिजून गुळगुळीत झाल्यावर कुणीतरी गरम सुरीने पुन्हा कोरली होती.

मला वर बघवेना. बाबांनी फडकं पिळलं.

"किती जुने असतील गं?"

"वीस वर्षं. जास्तच."

"आणि तू रबराच्या कंपनीत आहेस," ते म्हणाले. टोमणा नव्हता, पण मला ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

रविवारी मी एकटीच टायर घेऊन फरिदाबादला गेले. विकणाऱ्याने खुर्ची दिली नाही, पण तो चिडलाही नाही. हसला. "मॅडम, विंटेज गाड़ी है, चलानी थोड़े ही है। खड़ी करनी है, फोटो खिंचवानी है।" मी आवाज चढवला, पोलिसांत जाईन म्हणाले. त्याने शांतपणे तोडगा काढला. टायर इथेच ठेवून जा. मी नवा पट्टा चिकटवतो, पॉलिश मारतो. लग्नाच्या गाड्यांवाले नेहमी घेतात. तुमचे निम्मे पैसे आत्ताच घ्या. "आपका नुक़सान कम, मेरा भी कम। बिल्कुल फ़ेयर।"

आणि मी निम्मे पैसे घेतले.

मी लगेच हो म्हणाले असं नाही, मिनिटभर थांबले, पण ते मिनिट मी कशात घालवलं तेही मला आठवतं: निम्म्याऐवजी साठ टक्के मागावेत का, यात. मला असल्या व्यवहाराची सवय आहे. आमच्याकडे डेव्हिएशन नावाचा एक कागद असतो. माल कसोटीला थोडा कमी उतरला, पण पाठवणं भाग आहे, तर 'चालवून घ्यावा' म्हणून त्याच्यावर सही करायची. मी केल्या आहेत तशा सह्या. दरवाज्याच्या रबराने कुणी मरत नाही, असं म्हणत केल्या आहेत.

घरी आल्यावर बाबांना मोठ्या उत्साहाने सांगितलं, निम्मे तरी सुटले. ते तांदूळ निवडत होते. ताटावरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "मग आता ते टायर कुणाच्या गाडीला लागणार?"

मी सांगितलं. लग्नाच्या.

ताट त्यांनी खाली ठेवलं. बाबा रागावले की त्यांच्या 'का'चं 'काहून' होतं, ते मी आतापर्यंत दोन-तीनदाच ऐकलंय. "काहून दिलेस तू ते? तुला माहीत होतं ना?"

"बाबा, मी तुमच्यासाठीच—"

"मी मागितले होते का?" ते म्हणाले. "मी तुला एक जुनी गोष्ट सांगितली. टायर कधी मागितले?"

माझा नवरा आतून बाहेर आला आणि आमची तोंडं बघून परत आत गेला.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही दोघं फरिदाबादला गेलो. विकणाऱ्याने चारही टायरांना नवे पट्टे लावून टाकले होते, गोंद अजून ओला होता. टायर परत हवेत म्हटल्यावर त्याने मला दिले होते त्याच्या दीडपट मागितले. वर म्हणाला, "कल बेचते हो, आज ख़रीदते हो, अंकल, मॅडम की तबीयत ठीक है?" पैसे बाबांनी स्वतःच्या खिशातून काढले, मला पर्स उघडू दिली नाही, आणि एकेक टायर स्वतः दाराबाहेर ढकलत आणला. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, हाताला चिकट पिवळा गोंद लागलेला. मी धरायला गेले तर म्हणाले, "तू गाडीचं दार उघड."

रस्त्याकडेला एक पंक्चरचं दुकान होतं, तिथे आम्ही थांबलो. दुकानदार म्हातारा होता, बिहारी. बाबांनी त्याला सांगितलं, हे चारही टायर कापून टाका, पुन्हा कुणाला बसवता येणार नाहीत असे. त्याने टायर बघितले. पट्ट्यांवरून हात फिरवला.

"इतना बढ़िया टायर काट दें? हमको दे दीजिए ना।"

"भीतर देखिए," बाबा म्हणाले.

म्हाताऱ्याने आत हात घातला आणि चाचपत राहिला. मग चेहरा वाकडा करून त्याने आतला गेटर उचकटला. फाटलेल्या टायरला आतून लावतात त्या जाड ठिगळाला गेटर म्हणतात. ठिगळ निघालं आणि त्या भोकातून त्याची दोन बोटं बाहेर आली, पांढऱ्या पट्ट्याच्या मधोमध. त्याने ती बोटं हलवून आम्हाला दाखवली.

"इस पे बारात जाती?"

"हो," बाबा मराठीतच म्हणाले.

टायरच्या कडेत पोलादी तार असते, ती सुरीने कापली जात नाही. त्याने ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या आणि जळक्या रबराचा तो जाड, गोडसर, घशाला चिकटणारा वास सगळीकडे पसरला. मी पदर नाकाला लावला. बाबा स्टूल ओढून समोर बसले आणि चारही टायर कापून होईपर्यंत उठले नाहीत. तासभर लागला. मध्ये मी त्यांना गाडीत बसायला सांगितलं, तर म्हणाले, "दोन बाकी आहेत." तुकडे जाळू नका, असं मी म्हाताऱ्याला बजावलं. थंडीत इथे लोक टायर पेटवून शेकतात, त्या धुराची आठवण मला होती. तो म्हणाला, नाही जाळणार. माझा विश्वास बसला नाही.

परत येताना बदरपूरच्या पुलावर गर्दीत अडकलो तेव्हा मी म्हणाले, "बाबा, चुकलं माझं."

"हूं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तुला त्या साहेबांचा राग आला होता. मला माहीत आहे. मलाही येतो. पण त्यांचा राग टायरवर काढून काय होतं?"

"तुम्हाला खरंच नको होते पांढरे?"

ते खिडकीबाहेर बघत होते. "हवे होते की. तेव्हा. तीस-पस्तिशीचा होतो. मग मुलं झाली, त्यांच्या फिया आल्या, दर दोन-तीन वर्षांनी काळे टायर आले. त्या काळ्या टायरांवर नागपूरपर्यंत गेलोय मी. दोनदा."

पुढच्या आठवड्यात आम्ही नेहमीच्या दुकानातून साधे काळे टायर आणले, नवे, त्या वर्षीच बनलेले. आकडे मी स्वतः वाचले, चारही टायरांवरचे, आणि बाबांनी पुन्हा वाचले. प्रमाणपत्र आल्यावर मी गाडीचं नाव जुन्या गाड्यांच्या एका रॅलीसाठी दिलं होतं; तिच्या संयोजकांनी फोटो बघून कळवलं की टायर 'काळाला धरून' नसल्यामुळे गाडी स्पर्धेत घेता येणार नाही, मागच्या रांगेत उभी करता येईल. बाबांनी नको म्हटलं. फरिदाबादची जाहिरात अजून त्या ॲपवर आहे. टायर दुसरे, शब्द तेच. मी दर आठवड्याला तक्रार नोंदवते, दर आठवड्याला 'आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत' असं उत्तर येतं. ते उत्तर वाचलं की तो गोंदाचा आंबूस वास मला खरोखरच येतो.

आणि डेव्हिएशनच्या कागदावर मी सही करणं बंद केलं असं मी इथे लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. मागच्या महिन्यात एकावर केली. दोनावर नाही केली.

टायर बसवले त्या रविवारी बाबा चालवायला बसले. त्यांचं लायसन्स संपलंय, म्हणून फक्त सोसायटीच्या आवारात. मी शेजारी बसले. वॉचमनने फाटकापाशी उभं राहून सलाम ठोकला. बाबांनी झाडांभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि चौथीला ते कुरकुरायला लागले.

"स्टिअरिंग जड लागतंय गं. हवा कमी आहे वाटतं."

"हवा बरोबर आहे. मी बघितली."

"तू बघितलीस?"

"बाबा!"

"नाही, विचारलं आपलं," ते म्हणाले, गाडी बाजूला घेतली आणि खात्री करून घ्यायला स्वतःच खाली उतरले.